एकमताच्या मधली जागा

आमच्या इमारतीत एकमत झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. चुकून डोळ्यांखालून गेलंच असेल तर विसरून जा, कारण तसं काही झालेलंच नाही अशी इमारतीची अधिकृत भूमिका आहे. जिन्यात कुणालाही अडवून विचारा, "छे हो, आमच्याकडे आणि एकमत?" असं म्हणून तो तुमच्याकडे संशयाने बघेल. तेव्हा मीही काही झालं नाही असं धरून चालतो आणि नाल्यापासून सुरुवात करतो.

आमच्या इमारतीच्या पुढ्यात नाला आहे आणि शहर नाल्याच्या पलीकडे आहे. अलीकडे आम्ही, एक बंद पडलेला कारखाना आणि एक विजेचा खांब. नाल्यावर पूल आहे. म्हणजे पुलाचं हे टोक आहे, पुलाचं ते टोक आहे, आणि मधला भाग यायचा आहे. दोन्ही टोकांना कठडे आहेत, कठड्यांना रंग आहे आणि रंगावर भाऊंचं नाव आहे. मधल्या भागात बांधकामवाले विसरून गेलेल्या दोन फळ्या टाकल्या आहेत. म्हणजे जिथे आधार लागत नाही तिथे कठडा, आणि जिथे लागतो तिथे ज्याचं त्याचं नशीब.

भाऊ म्हणजे आमचे नगरसेवक. त्यांच्या विरोधात यंदाच्या निवडणुकीत उभ्या आहेत त्या ताई. भाऊ आणि ताई एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तेवढ्यापुरतं नातं सख्खं वाटतं.

फळ्यांवरून आम्ही सगळे ये-जा करत होतो आणि पुलावाचून कुणाचं अडत नव्हतं. मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, असं सर्जन म्हणाले. सर्जन नेहमी असंच म्हणतात आणि पुढचं व्यायामाच्या डॉक्टरांवर ढकलतात. व्यायामाच्या डॉक्टर बाईंचा दवाखाना नाल्याच्या पलीकडे, आमच्या गॅलरीतून पाटी वाचता येईल इतका जवळ. गुडघा वाकवायचं त्यांचं यंत्र भिंतीत बसवलेलं, ते घरी येऊ शकत नाही. बाबा वॉकरवर, ते फळीवर चढू शकत नाहीत. मागच्या बाजूने जायचं तर कारखान्याला वळसा घालून उंच जिन्याचा पादचारी पूल. बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "महिनाभरात यंत्रावर आणलं नाहीत, तर पाय आहे असाच राहील. मग मला बोल लावायचा नाही."

"खुर्चीत बसवून उचलून नेऊ या," मी म्हणालो.

"चौघांनी उचलून न्यायची वेळ माणसाच्या आयुष्यात एकदाच येते," बाबा म्हणाले. "तिची प्रॅक्टिस नको."

आईने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात आई बोलत नाही तेव्हा काम सांगत असते.

नेमका त्याच आठवड्यात भाऊंचा उजवा हात इमारतीत आला. सगळे त्याला उजवा हात म्हणतात. तो डावरा आहे, पण पक्षात ते चालतं. त्याने चहा घेतला, बाबांचा गुडघा बघून चुकचुकला आणि म्हणाला, "मधला सांगाडा तयार आहे. लोखंडी आहे, रंग दिलेला आहे, वखारीत पडून आहे. मंजुरी जुनीच, त्यामुळे आचारसंहितेचाही प्रश्न नाही. उद्या आणून टाकतो. भाऊंचं म्हणणं एवढंच, की इमारतीचं एकमत दिसलं पाहिजे."

"दिसलं म्हणजे?"

"म्हणजे दिसलं. लांबून."

झालं. सेक्रेटरीकाकांनी तातडीची सभा बोलावली. आमच्या इमारतीत शेवटचं एकमत कधी झालं होतं हे कुणाला आठवेना, आणि त्याबाबतही दोन मतं पडली. दुसऱ्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. लोक आ करून बसले की ते राजकारण बोलतात, कारण समोरून उत्तर येत नाही. त्यांना आम्ही विश्लेषक म्हणतो. विश्लेषकांनी उभं राहून इमारतीचा कल मांडला. तळमजला परंपरेने भाऊंचा, कारण नाल्याचं पाणी आत शिरतं तेव्हा पंप भाऊ पाठवतात. पहिला मजला परंपरेने ताईंचा, कारण तळमजला भाऊंचा. दुसरा मजला विचार करून मत देतो, म्हणजे ते स्वतः. तिसरा मजला जो जिंकेल त्याला आपण मत दिलं होतं असं निकालानंतर ठरवतो. चौथा मजला मतदानाच्या सुट्टीत बाहेरगावी जातो.

"चौथ्या मजल्यावर कोण राहतं?" आईने विचारलं.

"तुम्हीच, वहिनी."

"यंदा कुठे जाणार? ह्यांना घेऊन फळीवरून?"

आपल्या इमारतीतला एक माणूस घरात अडकला आहे, ही गोष्ट तोवर सगळ्यांना माहीत होती. त्या वाक्याने ती कळली. सेक्रेटरीकाका खाकरले आणि त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मुत्सद्दी वाक्य बोलले, "एकमत झालेलं नाही, हे मान्य. पण एकमत झाल्याचा फलक लावायला कुणाची हरकत आहे?"

कुणाचीही नव्हती.

मजकुरावर मात्र घासाघीस झाली. तळमजल्यावर निवृत्त शाळामास्तरीण राहतात. त्या म्हणाल्या, उद्गारचिन्ह एकच द्या, जास्त दिली की वाक्य खोटं वाटतं. विश्लेषक म्हणाले, शब्द थोडे आणि मोठे असू देत. पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, असं काहीतरी लिहा की भाऊंना आवडेल आणि ताईंना कळणार नाही. शेवटी ठरलं : 'भाऊंच्या पाठीशी या इमारतीचे एकमत!' मी कुरिअर कंपनीत लोकांचे पत्ते तपासतो, म्हणजे अक्षरांचं काम माझंच, असं म्हणून फलक माझ्या गळ्यात पडला.

फ्लेक्सवाल्याने नमुना फोनवर पाठवला. मी तो काना, मात्रा, वेलांटीसकट तपासला. निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी कामाच्या भर गर्दीत त्याचा फोन आला.

"दादा, भाऊंचा फोटो आलाय त्यांच्या ऑफिसातून. हात जोडलेला. कुठे टाकू?"

एका हातात मी कुणाचा तरी चुकलेला पत्ता धरला होता. मी म्हणालो, "जिथे जागा असेल तिथे टाक."

"जागाच नाहीये."

"मग कर कुठेतरी."

त्याने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलक पुलाच्या आमच्याकडच्या टोकाला, पलीकडून दिसेल असा लागला. आम्ही सगळे त्याच्या मागे उभे राहिलो. मागून फलक पांढरा दिसतो, ही पुढच्या अनर्थाची खरी सुरुवात. पलीकडच्या तीरावर ट्रक उभा होता. ट्रकवर निळ्या रंगाचा, कठड्यांसकट तयार सांगाडा होता. बाबांना गॅलरीत आणून उभं केलं होतं. त्यांनी नवा शर्ट घातला होता. क्रेन आली होती. मग भाऊ आले, त्यांच्यामागे पन्नासेक माणसं आली, आणि भाऊ पलीकडच्या टोकावर उभे राहून आमचा फलक वाचू लागले.

वाचायला फार वेळ लागू नये इतके थोडे शब्द होते. भाऊंना लागला. उजव्या हाताने मदत म्हणून मोठ्याने वाचलं, "भाऊंच्या पाठीशी या इमारतीचे एक..." मग तो थांबला. मधे भाऊंचा हात जोडलेला, कमरेपर्यंतचा फोटो होता. फोटो ओलांडून तो पुढे आला, "...मत."

"एक?" भाऊ हळूच म्हणाले. मागे कुणीतरी हसलं आणि ते हसू त्याने खोकल्यात बदललं. "चांगलं आहे. आधीच सांगितलंत. लोक निकालापर्यंत थांबवतात."

"भाऊ, ते जोडून आहे!" सेक्रेटरीकाका अलीकडून ओरडले.

"जोडलेत हो, हात जोडलेत!" उजवा हात पलीकडून ओरडला. "तेवढंच राहिलंय त्यांच्याकडे!"

भाऊंनी ट्रककडे बघून नुसतं बोट फिरवलं. एवढा मोठा ट्रक एवढ्याशा बोटावर वळतो, हे मी तेव्हा पाहिलं. गॅलरीत बाबा नव्या शर्टाची वरची गुंडी काढत होते.

मी चूक दुरुस्त करायला गेलो. चुका करणाऱ्याने दुरुस्ती करू नये असा कायदा हवा. कात्रीने मधला फोटो कापून 'एक' आणि 'मत' जवळ आणावं, मागून टाके घालावेत, इतका साधा विचार होता. मी भाऊंच्या खांद्यापर्यंत पोचलो होतो तेव्हा पलीकडून आरोळी आली, "भाऊंना कापतोय! भाऊंना कापतोय!" मी कात्री खिशात टाकली, ती खिशातून खाली आली आणि नाल्यात गेली. ती आईची चांगली कात्री होती. हे प्रकरण घरात अजून बंद झालेलं नाही.

मग आचारसंहितेचं पथक आलं. पथक म्हणजे एक थकलेले साहेब आणि एक टेप. त्यांनी फलक मोजला आणि विचारलं, "हा प्रचार कुणाच्या बाजूचा?"

"भाऊंच्या."

"एक मत बाजूने म्हणजे बाकीची विरोधात. मग हा विरोधातला प्रचार झाला. खर्च ताईंच्या खात्यात टाकावा लागेल."

"साहेब, मधली जागा चुकून आहे. काढूनच टाकतो फलक."

"आता तो तपासात आहे. काढायला परवानगी लागेल."

"कुणाची?"

"माझी," ते म्हणाले, आणि निघून गेले.

ताईंच्या खात्यात खर्च पडल्याची बातमी ताईंना कळली. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या हसत हसत फळीवरून अलीकडे आल्या आणि आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "ते एक सोडलं तर बाकी सगळी माझीच ना? तुमच्या एवढ्या एकाच इमारतीचं मतदान केंद्र वेगळं आहे, म्हणजे आकडा माझ्यापर्यंत पोचणारच. सगळी मतं दिसू देत, पूल मी देते." जाता जाता जिन्यात थांबून त्यांनी सहज विचारलं, "ते एक कुणाचं हो?"

हा प्रश्न जिन्यात राहिला. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत कुणी कुणाशी धड बोलेना. बोललं तर वाक्याच्या शेवटी बारीक डोळे करून बघायचं. मास्तरीण बाईंनी विश्लेषकांकडे दाढ दाखवायला जाणं बंद केलं. "शुद्धीवर नसताना काय वदवून घेतील, नेम नाही," त्या म्हणाल्या. विश्लेषकांनी आपल्या खिडकीला पडदा लावला. पहिल्या मजल्यावर संशय नको म्हणून मावशी मोठमोठ्याने भाऊंना शिव्या घालू लागल्या, आणि मग इतक्या मोठ्याने का घालतायत, असा संशय येऊ लागला. इकडे बाबा वॉकर घेऊन घरातल्या घरात खोली ते गॅलरी करत होते. वॉकरची टकटक रोज जरा सावकाश होत होती.

शेवटी मी भाऊंच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, समोर बसून व्याकरण समजावू. बाहेरच्या बाकावर एक माणूस तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसला होता. वर्तमानपत्र उलटं होतं आणि खालचे जोडे सेक्रेटरीकाकांचे होते. पलीकडे विश्लेषक होते. आतून मास्तरीण बाई बाहेर पडत होत्या.

"सहज आले होते," त्या म्हणाल्या.

"मीसुद्धा," वर्तमानपत्र म्हणालं.

आत भाऊ कपाळ चोळत बसले होते. "ये. ते एक मत तुझंच, हेच सांगायला आलायस ना?"

"नाही भाऊ."

"मग तू पहिलाच. तुमची इमारत तीन दिवस एकेक करून येतेय. सगळ्यांचं म्हणणं, ते एक मत आमचं. एका मताला एवढे मालक मी आयुष्यात पाहिले नाहीत."

"भाऊ, म्हणजे एकमतच झालं की! फक्त मधे जागा पडली होती."

"जागा?" भाऊ उभे राहिले. "अरे, जागेसाठीच तर जिवाचं रान करतोय मी!" मग खुर्चीत बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्या केंद्राचा आकडा वेगळा येतो. तो भरलेला दिसला की त्याच दिवशी ट्रक. हरलो तरी ट्रक. माझा शब्द. वडिलांचा पाय कसा आहे?"

खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. ज्या माणसावर रागवायचं असतं, त्याने असं विचारू नये.

म्हणजे हिशेब सोपा होता. सगळी मतं भाऊंना, तर पूल. सगळी ताईंना, तरी पूल. आई जिन्यात उभी राहून प्रत्येक दार वाजवत गेली. "कुणालाही द्या, पण सगळे मिळून एकालाच द्या. माझ्या माणसाचा पाय आहे." प्रत्येक दारातून उत्तर आलं, "वहिनी, आमच्याकडून काळजीच नको." इतक्या दारांतून इतक्या प्रेमाने आलं, की आई परत येऊन म्हणाली, "काहीतरी गडबड आहे."

मतदानाच्या दिवशी बाबा सकाळीच दाढी करून बसले. केंद्र पलीकडच्या शाळेत.

"खुर्ची आणा," ते म्हणाले.

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"ते व्यायामाबद्दल. हे मतदान आहे. आणि चौघं नकोत, दोघंच लागतात. फळीवर चौघं मावत नाहीत, म्हणजे अपशकुनही नाही."

पुढून सेक्रेटरीकाका, मागून विश्लेषक. मी वॉकर घेऊन मागे, आई माझ्या मागे. पुलाचं आमचं टोक संपलं, कठडा संपला, फळ्या सुरू झाल्या. फळ्या वाकल्या. खाली काळं पाणी आणि त्यात कुठेतरी आईची कात्री. मधोमध आल्यावर सेक्रेटरीकाका थांबले.

"काय झालं?" विश्लेषक मागून म्हणाले.

"काही नाही. जरा एक विचारायचं होतं. ते एक मत तुमचंच ना?"

"इथे?"

"इथे तुम्ही खोटं बोलणार नाही. हात गुंतलेत."

"तुम्ही त्या दिवशी उलटं वर्तमानपत्र कशाला धरलं होतंत, ते आधी सांगा!"

खुर्ची डावीकडे कलली. पलीकडच्या टोकावर उजवा हात धावत आला. अलीकडे ताईंची माणसं जमली. दोन्हीकडून मदतीचे हात पुढे झाले, पण फळीवर पाय कुणी ठेवेना. "काका, मत आपल्यालाच ना?" उजव्या हाताने बाबांना विचारलं. "आपल्याला म्हणजे कुणाला?" असं ताईंची माणसं ओरडली. खुर्ची उजवीकडे कलली.

मधल्या जागेतून बाबांचा आवाज आला. फार मोठा नव्हता. "हे बघा, पुढे न्या, नाहीतर मागे न्या. पूल मधे ठेवलात, तेवढं पुरे. मला मधे ठेवू नका."

खुर्ची पुढे गेली. पलीकडच्या कठड्याला टेकली तेव्हा विश्लेषकांचे हात पांढरे पडले होते आणि सेक्रेटरीकाका रडत होते. ते म्हणाले, डोळ्यांत कचरा गेला.

निकालात ताई जिंकल्या, भाऊ पडले. पण आमचं सगळं लक्ष आमच्या केंद्राच्या आकड्यावर होतं. ताईंना आमच्याकडून एकही मत नव्हतं. भाऊंना एक होतं. बाकी झाडून सगळी मतं यंत्राच्या शेवटच्या बटणाला पडली होती : वरीलपैकी कुणीही नाही. बाकीचे देणारच आहेत, आपण एकट्याने पाच वर्षांचा राग काढला तर पूल काही अडत नाही, असा प्रत्येकाने विचार केला होता. मीही केला होता. सभा न घेता, फलक न लावता, आयुष्यात पहिल्यांदा आमच्या इमारतीत एकमत झालं होतं, आणि ते कबूल करायची कुणाची हिंमत नव्हती. माझा फलक मात्र अक्षरशः खरा ठरला. त्या निवडणुकीत इतका अचूक अंदाज विश्लेषकांचाही नव्हता.

ट्रक आला नाही. ताईही आल्या नाहीत.

संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. "ते एक माझं होतं," ते म्हणाले.

"बाबा! तुम्ही आणि भाऊंना? त्यांनीच तर पाच वर्षं..."

"भाऊंना कसलं? पलीकडून लोक वाचत होते रोज, हसत होते. तू इतक्या मेहनतीने लिहिलंस. म्हटलं, पोराचं लिहिलेलं निदान खोटं तरी ठरू नये." मग त्यांनी आत डोकावून बघितलं. "आईला सांगू नकोस. तिनेही शेवटचंच बटण दाबलं, आणि आता तिला वाटतंय, ते एक तिचं असायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. सेक्रेटरीकाका आणि विश्लेषक खुर्ची घेऊन उभे होते. ते एक मत समोरच्याचंच, याबद्दल दोघांचीही आता खात्री पटली होती, आणि समोरच्याला नजरेआड करायची दोघांचीही तयारी नव्हती. तेव्हापासून ते रोज बाबांना यंत्रावर नेतात आणि आणतात. गुडघा वाकू लागला आहे. व्यायामाच्या बाई म्हणतात, हे आधीच करता आलं असतं की. आम्ही त्यांना मत विचारलेलं नाही.

फलक अजून तिथेच आहे, तपासात. मी तेवढा एक अर्ज केला आहे, तो असा :

प्रति,
मा. अधिकारी, पूल व नाले विभाग.

विषय : मधली जागा काढून टाकण्याबाबत.

महोदय,
आमच्या फलकावरील 'एक' व 'मत' यांच्यामधील जागा अनवधानाने पडली असून, ती आम्ही आमच्या बाजूने रद्द समजत आहोत. त्याच धर्तीवर पुलाच्या दोन टोकांमधील जागा आपल्या बाजूने रद्द करण्यात यावी. मधला भाग उपलब्ध नसल्यास दोन्ही टोके, नाल्यासह, एकमेकांजवळ सरकवून मिळावीत. तसेच नाल्यातून एक कात्री (चांगली) परत मिळावी, ही नम्र विनंती.

सदर विनंतीस इमारतीचे एकमत आहे. (कृपया जोडून वाचावे.)